चार पुडांचा डबा

२०२० सालच्या ऑक्टोबरात मी बालाघाटच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीत एकटी होते. त्या वर्षी घरोघरी कुणी ना कुणी असं एखाद्या खोलीत बंद होतं. खोलीला एक दार, एक खिडकी, खिडकीबाहेर पेरूचं झाड. दाराबाहेर आईनं लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं. दिवसातून तीनदा त्यावर ताट यायचं. आई ताट ठेवायची, कडी एकदाच वाजवायची आणि ओसरीच्या खांबापर्यंत मागं सरून उभी राहायची. मग मी दार उघडायची, ताट उचलायची, आत यायची. तेवढ्या अवधीत आम्ही एकमेकींना बघून घ्यायचो. पंच्याहत्तरीची माझी आई, नाकातोंडावर पदर घट्ट धरलेली, खांबाला टेकून म्हणायची, "गरम हाय तोवर जेवून घे वं."

गरम आहे हे बोटांना कळायचं. वास मात्र पूर्ण गेला होता. चिन्नोर तांदळाचा भात शिजला की आमच्याकडे शेजारच्या घराला कळतं, असा त्याचा घमघमाट. त्या दिवसांत तो भात माझ्यासमोर पांढऱ्या वाफेसारखा नुसता दिसायचा. मी लोणच्याची फोड जास्त मागायची, जवसाची चटणी जास्त मागायची. पुढं केव्हातरी वाचलं की अंतराळात राहणाऱ्यांचंही असंच होतं. वजन नसल्यामुळं अंगातलं पाणी डोक्याकडं चढतं, नाक चोंदल्यासारखं होतं, चव बोथट होते आणि माणसं तिखट मागू लागतात. वाचलं तेव्हा मला त्या अनोळखी माणसांबद्दल एकदम आपुलकी वाटली. एकाच दुखण्यातून उठलेल्यांना एकमेकांबद्दल वाटते तशी.

त्याच दिवसांत मोबाईलवर मी एका यानाची वाट बघत होते. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वॉलॉप्स नावाचं बेट आहे, तिथून ते निघणार होतं. १ ऑक्टोबरला निघायला तीनेक मिनिटं उरली असताना मोजणी थांबवली. दुसऱ्या रात्री ते निघालं, तेव्हा आपल्याकडे ३ तारखेची सकाळ झाली होती आणि पेरूवर पोपट आले होते. यानात साडेतीन टनांहून जास्त सामान होतं. जेवणाची पाकिटं, मुळ्याचं बी, शौचालयाचं नवं यंत्र, प्रयोगांच्या पेट्या. माणूस एकही नव्हता. वर अंतराळ स्थानकात तिघेच जण होते, एक अमेरिकन आणि दोन रशियन. त्या तिघांसाठी आणि मागून येणाऱ्यांसाठी हे सगळं चाललं होतं.

यानाचं नाव होतं एस. एस. कल्पना चावला. कर्नालची ती मुलगी दोनदा अंतराळात गेली, १९९७ मध्ये आणि २००३ मध्ये. दोन्ही वेळा कोलंबिया यानातून. स्थानकात तिचं पाऊल कधीच पडलं नाही. पहिल्या खेपेला स्थानक अजून उभंच राहिलं नव्हतं, दुसऱ्या खेपेला तिची वाट तिकडं जाणारी नव्हती, आणि १ फेब्रुवारी २००३ ला परतताना कोलंबिया आकाशातच तुटलं. आता तिचं नाव अंगावर घेऊन एक बिनमाणसाचं यान त्या दाराशी जाणार होतं. मी खोलीत पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा याचाच विचार करायची.

या जातीच्या यानाला सिग्नस म्हणतात. सिग्नस म्हणजे हंस, आकाशातल्या राजहंसाच्या तारकापुंजावरून हे नाव घेतलं आहे. हंसानं निरोप न्यायचा, ही गोष्ट तर आमच्याच मुलखातली. नळाचं बोलणं घेऊन हंस आला तो विदर्भाच्या दमयंतीकडं. आम्ही राजकीय नकाशात मध्य प्रदेशात गेलो तरी वैनगंगेच्या अल्याड-पल्याडच्या घरांत ही गोष्ट एकाच तऱ्हेनं सांगितली जाते. हंस बोलायचा हे मला लहानपणी खरं वाटायचं. कारण आमच्याकडे डबा बोलायचा.

बाबा लामत्याला शिक्षक होते. बालाघाटहून नैनपूरकडं जाणारी छोटी लाईन तेव्हा चालू होती. समनापूर, मग चरेगाव, मग लामता. अडीच फुटी रुळांवरून ती गाडी जंगलातून अशी चालायची की खिडकीतून हात बाहेर काढला तर पळसाचं पान तोडता यावं. बाबा आठवडाभर तिकडेच भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. त्यांना पोटाचं दुखणं होतं, बाहेरचं सोसत नव्हतं, आणि चूल पेटवणं त्यांना कधी जमलं नाही. म्हणून आई रोज सकाळच्या गाडीनं डबा पाठवायची.

पितळेचा चार पुडांचा डबा होता तो. सगळ्यांत खाली भात, कारण भाताची ऊब जास्त टिकते. त्यावर वरण, त्यावर भाजी, वरच्या पुडात चटणी नाहीतर लोणचं, आणि क्वचित गुळाचा खडा. दांडी लावून झाली की जुन्या लुगड्याच्या फडक्यात तो बांधायचा. गाठ आई अशी मारायची की बघणाऱ्याला ती कुणी मारली ते ओळखू यावं. मी बोट धरून स्टेशनवर जायची. गाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असायचा. आई खालूनच दोन्ही हातांनी डबा वर करायची, गार्डसाहेब वाकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पहुँच जाएगा, बहनजी." हिरवं निशाण हलायचं. गाडी वळणाआड गेली तरी आई जागची हलायची नाही.

घरी आल्यावर तिचं खरं काम सुरू व्हायचं. तांदूळ निवडता निवडता ती मध्येच मान वर करायची, "समनापूर गेलं." धुणं वाळत घालताना म्हणायची, "चरेगाव आलं असेल." घड्याळ आमच्या घरात एकच आणि तेही बाबांच्या मनगटावर लामत्याला. तरी तिला कळायचं. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून आत सरकली की ती हात पुसून म्हणायची, "पोचला." मग आम्ही दोघी जेवायला बसायचो. त्याआधी ती घास घेत नसे.

त्याच काळात, १९७८ च्या जानेवारीत, सोव्हिएत देशानं प्रोग्रेस नावाचं पहिलं मालवाहू यान पाठवलं. २० तारखेला ते निघालं आणि २२ तारखेला सॅल्यूत-६ या स्थानकाला आपलं आपण जाऊन जोडलं गेलं. आत युरी रोमानेंको आणि गेऑर्गी ग्रेच्को हे दोघे होते. माणसांना नेणारं सोयूझ यान होतं, त्याचंच हे भावंड. फक्त यातली माणसं बसायची आणि उतरायची कुपी काढून टाकलेली. माणसाला परत आणायचंच नाही म्हटल्यावर उष्णता सोसणारी ढाल नको, छत्री नको, आसनं नकोत. तेवढ्या जागेत सामान. सुमारे सात टनांच्या यानात दोन टनांहून जास्त माल मावला. त्यापूर्वी जो शिधा स्थानकासोबत वर गेला, तो संपला की माणसांनी खाली यायचं, असा हिशेब होता. सॅल्यूत-६ ला मागच्या बाजूनं दुसरं दार ठेवलं होतं. पुढच्या दाराला परतीचं यान बांधलेलं असतानाच मागच्या दारानं डबा आत घेता येऊ लागला. ते दोघे ९६ दिवस वर राहून आले.

मला त्या मागच्या दाराचं फार अप्रूप वाटतं. घराला मागचं दार ठेवलं की त्यात राहणं सुरू होतं. तोवर ते मुक्कामाचं ठिकाण असतं.

त्या यानातून इंधनही गेलं. नळीनं नळी जोडून स्थानकाच्या टाक्यांत भरलं गेलं. इंधन कशाला, असं मी पूर्वी विचारलं असतं. वर चारशे किलोमीटरवर, म्हणजे बालाघाटहून नागपूरला जाऊन परत यावं साधारण तेवढ्या उंचीवर, हवा पुरती संपलेली नसते. तिचा विरळ हात स्थानकाला सतत मागं ओढतो आणि स्थानक रोज थोडं थोडं खाली येत राहतं. आलेलं मालवाहू यान दाराशी बांधलेलं असतानाच आपलं इंजिन पेटवतं आणि अख्खं घर पुन्हा वर उचलून देतं. शिधा घेऊन आलेल्यानं जाता जाता छपरालाही हात लावावा, तसं. मामा दिवाळीचा फराळ घेऊन यायचा आणि निघण्याआधी आमच्या विहिरीचा रहाट दुरुस्त करून जायचा, ते मला आठवतं.

आणि पत्रं. त्या पहिल्या काळापासून प्रोग्रेसमधून घरची पत्रं जात आली, कांदे, लसूण, ताजी फळं जात आली. यानाचं झाकण उघडल्यावर पहिल्यांदा फळांचा वास येतो, असं वर राहून आलेले सांगतात. महिनोन्‌महिने यंत्रांची आणि गाळलेल्या हवेची सवय झालेल्या नाकाला सफरचंदाचा वास. बाबा सांगायचे की गाठ सोडण्याआधी ते फडक्याचा वास घ्यायचे. त्याला आमच्या घराच्या धुराचा वास असायचा.

एका पावसाळ्यात डबा पोचला नाही. रात्रभर पाऊस कोसळत होता, पुढं कुठंतरी नाल्याला पूर आला होता आणि गाडी चरेगावच्या अलीकडंच जंगलात उभी राहिली. आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. उन्हाची तिरीप त्या दिवशी नव्हतीच, तरी आई अंदाजानं "पोचला" म्हणाली होती आणि आम्ही जेवलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत आला. गाठही तीच. आईनं ती सोडली तेव्हा भात आंबला होता. तिनं एक शब्द न बोलता तो गाईला घातला आणि डबा राखेनं घासत बसली, बराच वेळ, घासून झाल्यावरही.

शनिवारी बाबा आले. तिनं विचारलं, "काय खाल्लं मग?" बाबा म्हणाले, "तूच दिलेलं." खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत तिनं जूनमध्येच भरून दिलेले पोहे, मुगवड्या, सातूचं पीठ होतं. आमच्याकडे मृगाच्या आधी प्रत्येक घर हेच करतं. मातीच्या कोठीत तांदूळ, शिंक्यावर सांडगे, फळीवर मिठाची बरणी. बेगमी. पाऊस रस्ते तोडणार हे धरूनच चालायचं. कुणाला दोष द्यायचा नाही. चार महिन्यांचं घरात असलं की झालं.

२०१५ च्या उन्हाळ्यात बेगमी हा शब्द मला पुन्हा आठवला. आदल्या वर्षी २८ ऑक्टोबरला एक सिग्नस यान उडताच काही क्षणांत खाली कोसळून जळालं होतं. मग २८ एप्रिलला निघालेलं प्रोग्रेस कक्षेत पोचून गरागरा फिरू लागलं, हाती लागलंच नाही, आणि मे महिन्यात वातावरणात येऊन जळून गेलं. मग २८ जूनला ड्रॅगन यान नेणारं रॉकेट उड्डाणानंतर दोन-अडीच मिनिटांत फुटलं. तीन वेगवेगळ्या बनावटींची तीन यानं, आठ महिन्यांच्या आत. वर तेव्हा गेनादी पदाल्का, मिखाईल कोर्नियेंको आणि स्कॉट केली असे तिघे उरले होते. त्यांतले दोघे वर्षभरासाठी गेलेले. ते उपाशी राहिले नाहीत. वर नेहमीच काही महिन्यांचा शिधा शिल्लक ठेवलेला असतो. डबे बुडणार हे कुणीतरी आधीच धरलं होतं. ५ जुलैला पुढचं प्रोग्रेस पोचलं आणि ऑगस्टमध्ये जपानचं कोउनोतोरी. कोउनोतोरी म्हणजे पांढरा करकोचा. त्याच ऑगस्टच्या १० तारखेला वरच्या माणसांनी वरच उगवलेली लाल सॅलडची पानं खाल्ली. डब्याच्या वाटेकडं डोळे लावलेल्यानं परसात आळं करावं, तसं मला ते दिसलं.

आमचा डबा रिकामा परत येत नसे. संध्याकाळच्या गाडीनं तो परतायचा तेव्हा आत खडखड व्हायचं. कधी चारोळ्या, कधी आवळे, उन्हाळ्यात वाळलेली मोहफुलं, कधी वहीच्या पानाची घडी. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे आमच्या आजीनं आईला आणि आईनं मला शिकवलं. म्हणून मालवाहू यानाचं पुढं काय होतं हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. सामान काढून झालं की वरची माणसं त्यात वापरलेले कपडे, रिकामी पाकिटं, मोडकी यंत्रं भरतात. दार लावतात, सोडून देतात, आणि ते वातावरणात शिरून जळून जातं. ड्रॅगन तेवढं समुद्रात उतरून परत मिळतं, प्रयोगांचे नमुने घेऊन. बाकी बहुतेक सगळी जळायलाच जातात.

जळायची जागाही ठरलेली असते. दक्षिण प्रशांत महासागराचा तो भाग, जिथं शेकडो कोस माणूस नाही. जे उरेल ते तिथल्या पाण्यात पडतं. या काळजीचं मोल मला कळलं ते २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलच्या संध्याकाळी. गुढी उतरवून झाली होती, आम्ही गच्चीवर होतो. आकाशातून जळते निखारे एका ओळीत, आवाज न करता, सावकाश सरकत गेले. गल्लीतली मुलं ओरडत होती. आईनं हात जोडले. दुसऱ्या दिवशी कळलं की वैनगंगेच्या खालच्या अंगाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडलं. आजूबाजूच्या गावांत धातूचे गोळे सापडले. चीनच्या एका रॉकेटचे ते अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. कुणाला लागलं नाही. पण ज्यांच्या अंगणाजवळ ते आलं, त्या लोकांनी त्या आकाशाकडं काही मागितलं नव्हतं. तेव्हापासून मला वाटतं, की पाठवणाऱ्याची जबाबदारी डबा पोचला म्हणून संपत नाही. रिकामं भांडं कुठं जाऊन पडतं हेही त्यानंच बघायचं असतं.

एस. एस. कल्पना चावलाचं शेवटचं काम तर मला थक्क करून गेलं. २०२१ च्या जानेवारीत स्थानकापासून सुटून ते दूर गेल्यावर त्याच्या पोटातल्या एका पेटीत मुद्दाम आग लावली. वजन नसताना ज्वाळा कशी पसरते, धूर कसा फिरतो, हे मोजायचं होतं. माणसं असताना असा प्रयोग कोण करील? त्या रिकाम्या यानात तो करता आला आणि मोजमापं खाली पाठवून मग ते गेलं. पुढं कधीतरी वरच्या कुणाच्या घरात आग लागेल तेव्हा ती कशी विझवायची, हे त्यातून थोडं जास्त कळलेलं असेल. चिमूटभर साखर घालून भांडं परत आलं, असं मी मनाशी म्हटलं.

त्यानं नेलेलं मुळ्याचं बीही वर रुजलं. ३० नोव्हेंबरला केट रुबिन्स यांनी मुळ्याची वीस रोपं काढली. २०२५ च्या उन्हाळ्यात आपले शुभांशु शुक्ला स्थानकात गेले तेव्हा त्यांनी मूग आणि मेथी नेली, धारवाडच्या शास्त्रज्ञांचा प्रयोग म्हणून. मोड आलेली ती मेथी मी आईला मोबाईलवर दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे कडू होईल का वं तिथं?" मला उत्तर देता आलं नाही.

आपलं स्वतःचं स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं ठरलं आहे. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोनं दोन छोटे उपग्रह आकाशात एकमेकांना जोडून दाखवले, ती त्याचीच तयारी. मी ती बातमी वाचली ती आमच्या जुन्या स्टेशनवर बसून. आता तिथून मोठी लाईन जाते, जबलपूरपर्यंत. लामता खिडकीतून डोळा लवेपर्यंत मागं जातं. बाबा गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. पितळेचा डबा माळ्यावर आहे. कुणी मागितला तर आई देत नाही.

पण मला त्या खोलीतली ५ ऑक्टोबरची दुपार सांगायची आहे. यान दोन दिवस स्थानकाचा माग काढत पृथ्वीभोवती फिरत होतं. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग, आणि शेवटी जवळ येताना त्यानं तो वेग स्थानकाच्या वेगाशी इतका जुळवला की दोघंही एकमेकांसमोर थांबल्यासारखी दिसत होती. दहाएक मीटरवर येऊन यान स्थिर उभं राहिलं. दारापाशी आलं आणि मागं सरून उभं राहिलं, असं मला वाटलं. मग स्थानकातून लांब यांत्रिक हात पुढं आला. आपल्याकडे तीन वाजले होते. त्या हातानं त्याला अलगद धरलं.

कडी वाजली. आईनं चहा आणला होता. मी दार उघडलं. ती खांबापाशी जाऊन उभी होती, पदर धरून. पेरूच्या पानांतून आलेली उन्हाची तिरीप ओसरीवर चढत होती.

मी म्हटलं, "आई, ते कल्पना चावलाचं यान सांगितलं होतं ना. पोचलं."

तिनं तिरिपीकडं पाहिलं, सवयीनंच. मग माझ्याकडं.

"पोचलं ते झालं," ती म्हणाली. "उघडलं का त्यांनी?"

"नाही अजून. आधी नीट जोडतील. मग आतली हवा तपासतील. मग उघडतील."

"मग सांग मला," आई म्हणाली आणि तिथंच खांबाला टेकून खाली बसली.